हलका पाय

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक वृद्ध वडील आणि त्यांची मुलगी निकालाची वाट पाहत बसले होते; गाडी थरथरते, अशी वडिलांची तक्रार होती. मेकॅनिक त्यांच्या गाडीतून फेरी मारून परतला.

"काका, गाडी ठणठणीत आहे. जरासुद्धा थरथरली नाही."

"ऐकलंत, बाबा? दोष निघाला नाही तर गाडी चालवणं सोडेन, असं तुम्हीच म्हणाला होतात. आता किल्ली माझ्याकडे."

"थांब गं. काय हो, किती वेगाने नेलीत?"

"ऐंशी-नव्वद."

"मी चाळिसाच्या वर जात नाही."

"सायकलवालेसुद्धा यांना मागे टाकतात."

"अहो ताई, मग बरोबर! हलक्या पायाने चालवली की हे इंजिन इंधन वाचवायला चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतं. मी पाय दाबला, म्हणून चारही चालू राहिले. काका, तुम्हीच चालवा; मी स्कॅनर लावून शेजारी बसतो."

वीस मिनिटांनी दोघे परतले.

"सापडलं! बंद झालेला एक सिलिंडर पुन्हा चालूच होत नाही. काका, अशा आणखी तीन गाड्या पडून आहेत. इतकं हळू आमच्यातल्या कुणालाच जमत नाही. उद्यापासून याल?"

"बाबा, काय सांगू यांना?"

"आधी आईला फोन लाव. सांग, निवृत्तीनंतर बारा वर्षांनी मला नोकरी लागली."