बायको माझी, ठिपका त्याच्याकडे

...नाही, सायकल चालवायला माझी ना नाहीच मुळी, तुम्हाला सांगतो, बाईमाणसाने पन्नाशीत सायकल घ्यावी, डोंगरात जावं, एकटीने जावं, एकटीने परत यावं, सगळं मान्य, मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही, पण जाताना मोबाइलवर आपला जो ठिपका सोडायचा असतो, निळा, शर्टाच्या बटणाएवढा, आपण कुठे आहोत, चालतोय की थांबलोय की दरीत पडलोय हे घरच्यांना कळावं म्हणून... घरच्यांना, बरं का, लक्ष द्या शब्दाकडे... तो ठिपका बघायला द्यायचा कुणाला? नवऱ्याला की सायकलवाल्याला? बोला ना. आता का गप्प?

बायको माझी, ठिपका त्याच्याकडे!

आता तुम्ही म्हणाल, याच्याकडे का नाही दिला, काहीतरी कारण असेल. आहे ना. कारण आहे. मी लपवत नाही. आधी मीच होतो ठिपक्यावर. तीन रविवार. आमची ही शाळेत मुख्याध्यापिका, आठवडाभर सहाशे पोरांचा गोंगाट डोक्यावर, म्हणून रविवारी पहाटे उठून डोंगरातल्या पायवाटांवर सायकल घेऊन जाते, जिथे चिटपाखरू भेटत नाही. आता जिथे चिटपाखरू भेटत नाही तिथे बायको गेली तर नवऱ्याने काय करावं? झोपावं? मी टक लावून बघत बसलो. माझा धंदाच बघण्याचा, चष्म्याचं दुकान आहे माझं, जन्म गेला लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणण्यात. आणि तो ठिपका मेला थांबतो हो! चालता चालता थांबतो. मग मी फोन केला. ती म्हणाली, पाणी पितेय. मग परत थांबला, परत केला. म्हणाली, बुटाची नाडी. मग ठिपका हलेना, केला, म्हणाली, अहो तुमचाच फोन घ्यायला थांबलेय! असे झाले सतरा. तिसऱ्या रविवारी सतरा फोन झाले, आणि अठरावा लागेना, आणि ठिपकाही गेला. पुसल्यासारखा. मी वनखात्याच्या चौकीला फोन केला, अग्निशमन दलाला केला, तिच्या धाकट्या बहिणीला केला, ती बिचारी तिकडे रडायला लागली, आणि चौकीवरचा गार्ड मोटरसायकल काढून सगळं रान धुंडाळत गेला तेव्हा आमची ही एका झाडाखाली बसून केळं खात होती. मोबाइलची बॅटरी संपलेली. कशाने संपली? माझ्या सतरा फोनांनी.

घरी आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं, आणि शांतपणे, शाळेत वापरते तोच आवाज, म्हणाली, “अहो, मला रानाची भीती वाटत नाही. आता तुमच्या फोनची वाटायला लागलीये.”

आणि पुढच्या रविवारपासून ठिपका गेला सायकलवाल्याकडे. मीही म्हटलं, ठीक आहे, मग मी फोनच करणार नाही! एकही करणार नाही! नऊ रविवार मी फोन केला नाही. नऊ! माणसाला स्वाभिमान असतो की नाही?

तर हा सायकलवाला. वय असेल चाळीस, दंड असे, सायकल एका हाताने उचलतो, आणि बोलायचं म्हटलं की शब्दाला महाग. तिला ताई म्हणतो. म्हणे ताई! ताई म्हटलं की संपलं का सगळं? आणि मला भावोजी. म्हणजे नातंसुद्धा यानेच परस्पर ठरवलं, मला न विचारता. त्याच्या दुकानात भिंतीवर एक काळी पाटी आहे. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला तो दोनच प्रश्न विचारतो, ‘कुठे? परत कधी?’ आणि खडूने पाटीवर लिहितो. पाटीशेजारी एक खिळा, आणि त्या खिळ्याला त्याचा मोबाइल, दोरीने लटकवलेला, आणि त्या मोबाइलमध्ये ठिपका. म्हणजे बघा, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि माझी बायको त्याच्या खिळ्याला टांगलेली!

मग मी काय करणार? जायला लागलो रविवारी दुकानात. पहिल्या रविवारी सायकलच्या घंटीची किंमत विचारली. दुसऱ्या रविवारीही तीच विचारली. तिसऱ्या रविवारी तो नुसता बघत राहिला तेव्हा लाजेखातर विकत घेतली. आज माझ्याकडे तीन घंट्या आहेत. सायकल एकही नाही. होती ती घेऊन ती डोंगरात.

आणि तो बघत नाही हो धड! हे माझं खरं दुखणं. मी तिथे मान वाकडी करून खिळ्याकडे बघतोय आणि हा आपला चाकाच्या तारा घट्ट करत बसलाय, मधूनच एकदा मान वर करतो, हं म्हणतो, परत खाली. मी म्हटलं, अहो ठिपका गेला! म्हणाला, खिंडीत रेंज नसते, दहा मिनिटांनी पठारावर निघेल. आणि निघाला! दहा मिनिटांनी, पठारावर, टुणकन! मला इतका राग आला... म्हणजे आनंद झालाच, बायको आहे माझी, पण त्याचं खरं का व्हावं? त्याचे नियम ठरलेले. ठिपका गेला तर घाबरायचं नाही. ठिपका दिसतोय पण वीस मिनिटं हलत नाही, तर एक फोन. फोन उचलला नाही तर पाटी बघायची, आणि पाटीवरची वेळ टळली तर चौकीला कळवायचं. मी विचारलं, आणि काळजी कधी करायची? तर म्हणतो, “ती यात धरलेली नाही, भावोजी.”

आणि मग तो रविवार. ठिपका खिंडीतून पठारावर निघाला आणि थांबला. पाच मिनिटं. दहा. मी घड्याळ बघतोय. पंधरा. वीस. पंचवीस! म्हटलं, करा फोन! तर तार पिळता पिळता म्हणतो, तिथे ताई थांबतात. दर रविवारी. अर्धा तास. तसं सांगून ठेवलंय त्यांनी.

दर रविवारी! अर्धा तास! कशाला थांबते? म्हणे, विचारलं नाही. विचारलं नाही? अरे माणूस आहेस की सायकलचा पंप? एक बाई दर रविवारी निर्जन पठारावर अर्धा तास थांबते आणि तुला विचारावंसं वाटत नाही?

आणि तिथल्या तिथे, तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात उजेड पडला. दाढीवाला! महिन्यापूर्वी माझ्या दुकानात एक दाढीवाला आला होता, दुर्बीण साफ करून घ्यायला. उंच, खांद्यावर बॅग, हळू आवाजात बोलणारा, बायकांना आवडतात तसा. म्हणाला, पठारावर पक्षी बघायला जातो. कधी? रविवारी! आणि मी, मी स्वतःच्या हाताने, चांगलं तास-दीड तास खपून त्याच्या दुर्बिणीच्या काचा लख्ख करून दिल्या. कशासाठी? तर माझी बायको त्याला जवळून आणि स्वच्छ दिसावी म्हणून!

म्हणजे हिशेब करा. ठिपका सायकलवाल्याकडे, बायको दाढीवाल्याकडे, आणि माझ्याकडे काय? घंट्या!

मी उठलो. म्हटलं, एक सायकल द्या भाड्याने. तो म्हणाला, कुठे? परत कधी? आता खरं सांगतो की काय? म्हटलं, तळ्यापर्यंत, अर्धा तास. त्याने खडूने लिहिलं, ‘भावोजी, तळं, सव्वादहा.’ आणि माझी हुशारी ऐका. मोबाइल बरोबर नेला असता तर माझाही ठिपका दिसला असता, तिने तिचा काढून नेला तरी माझा तिच्या मोबाइलमध्ये होताच, म्हणून म्हटलं, याला जरा चार्जिंगला लावतो, आणि ठेवला त्याच्याच टेबलावर. बायकोला रंगेहाथ पकडायचं तर स्वतः अदृश्य व्हायला नको?

तीस वर्षांनी सायकलवर बसलो. सपाटीला बरं होतं. मग चढ लागला, आणि ‘खिंडीकडे’ अशी वनखात्याची पाटी, आणि वाट म्हणजे काय, दगडांची नुसती रास, आणि बाजूने उतार, आणि मी ढकलत, ढकलत, दम खात, दाढीवाल्याला काय काय बोलायचं ते मनात पाठ करत... आणि पठार दिसलं. दिसलं म्हणून बसलो सायकलवर. ऐटीत जावं ना! पहिल्याच उतारावर चाक एकीकडे, मी एकीकडे, आणि दोघंही खाली कोरड्या ओढ्यात. पायातून कट्ट असा आवाज आला.

आणि मग शांतता. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. पाय हलवता येईना. ओरडलो, आवाज तिथल्या तिथे विरला. खिशात हात घातला, मोबाइल नाही. पाटीवर लिहिलंय तळं, आणि तळं पार उलट्या दिशेला. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी कुठे आहे हे या जगात एकाही माणसाला माहीत नाही. एकालाही नाही. आणि ही बाई दर रविवारी इथे एकटी येते. मला फार भीती वाटली हो. स्वतःची वाटली आणि मागच्या सगळ्या रविवारांची मिळून तिचीही वाटली. खिशात काय होतं? घंटी. तिसरी. मी ओढ्यात उताणा पडून घंटी वाजवायला लागलो. ट्रिंग ट्रिंग. रानात! ट्रिंग ट्रिंग.

किती वेळ गेला देव जाणे. वरून ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि काठावर हेल्मेट दिसलं, आणि हेल्मेटखाली मुख्याध्यापिका. घसरत घसरत खाली आली, आधी पाय बघितला, बॅगेतून पट्टी काढली, बांधली, पाणी पाजलं. म्हणाली, सायकलवाल्याचा फोन आला. भाड्याच्या प्रत्येक सायकलच्या सीटखाली म्हणे त्याने एक डबी बसवलीये, तिचाही ठिपका त्याच खिळ्यावर दिसतो. पाटीवर तळं, डबी डोंगरात, आणि वीस मिनिटं जागची हलत नाही. मग त्याने नियमाप्रमाणे आधी मला फोन केला. तो त्याच्याच टेबलावर वाजला.

मी म्हटलं, ते राहू दे, दाढीवाला कुठाय? म्हणाली, कोण दाढीवाला? मी सगळं सांगितलं, दुर्बिणीसकट. मग मी सरळच विचारलं, तू दर रविवारी वर अर्धा तास थांबतेस कशाला?

ती बॅगेची चेन लावत म्हणाली, “तिथे रेंज येते. सबंध वाटेवर तिथेच चांगली येते.”

“मग?”

“मग काय? वाटायचं, तुम्ही फोन कराल.” आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सतरा नकोत म्हटलं होतं मी. एकही नको असं कुठे म्हटलं होतं?”

नऊ रविवार! नऊ रविवार ती पठारावर फोन हातात घेऊन बसायची आणि मी खाली दुकानात घंटीची किंमत विचारत होतो. ती ज्याची वाट बघायची, ज्याच्यावर मी जळत होतो, तो मीच निघालो, आणि फोन मीच केला नव्हता. मला रडू आलं. मी म्हटलं, पाय दुखतोय. ती म्हणाली, हो, कळतंय.

तर आता प्लास्टर आहे, सहा आठवडे, हे बघा. ती अजून जाते, रविवारी, एकटीच. मी फोन करतो. एक. नऊ वाजून दहा मिनिटांनी, ती पठारावर पोचली की. तीच आधी विचारते, पाय कसा आहे? अर्धा तास बोलतो आम्ही, घरात आठवडाभरात बोलत नाही एवढं. पण ठिपका? तुम्हाला वाटलं असेल, ठिपका माझ्याकडे आला परत. छे! ती म्हणाली, प्रेम वेगळं, ठिपका वेगळा. आणि एवढ्यावर थांबली नाही, ओढ्याचा धसका घेतला तिने, माझाही ठिपका दिला लावून त्याच खिळ्याला. बायको माझी, ठिपका त्याच्याकडे, आणि आता नवरा तिचा, तोही त्याच्याकडे!

आणि तो नियमाचा माणूस. मी या खुर्चीत, पाय स्टुलावर, ठिपका हलणार कसा? रोज सकाळी अकराला फोन येतो, आणि दुपारी चारला. “भावोजी, ठिपका हलत नाही. ठीक ना?” मी म्हणतो, अरे बाबा, प्लास्टर आहे, हलणार नाही तो! तो म्हणतो, बरं, आणि ठेवतो. शब्दाला महाग! पहिले काही दिवस मी वैतागलो. मग सवय झाली. अकराच्या आधी मी चहा संपवून ठेवायला लागलो.

आणि काल... काल अकराला आला. चारला आला नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले, मी मोबाइल उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, रेंज आहे, बॅटरी आहे, मी इथे जागचा हललेलो नाही, नियमाप्रमाणे अगदी दगडासारखा बसलोय, आणि याचा फोन नाही. पाच वाजले. मला सांगा, तुम्हीच सांगा आता... हा कुणाचा ठिपका बघत बसला असेल हो?