दादाचा डोह आन् माझ्या ताटातलं वांगं

...आन् परत वांगंच! तुम्हाला सांगतो, दोन महिने झाले, घोडनदी हाकेवर, डोहात हातभर लांबीचे मरळ मासे लोळत्यात, आन् माझ्या ताटात वांगं! मला वांगं घशाखाली उतरत न्हाई. बारकेपणापास्नं आईची पाठ वळली की माझ्या ताटातलं वांगं पोपटदादा उचलायचा. आता दादाच न्हाई. मे महिन्यात हायवेला ट्रकनं... जाऊ द्या. अडकलो ना मी!

कसा अडकलो? ऐका. आमच्या इनामगावच्या मच्छीमार सोसायटीत दादानं घसा फोडफोडून नियम करून घेतला. पावसाळ्यात मासळी गाभोळीवर, पोटात अंडी घेऊन असती, तवा दोन महिने डोहात ना जाळं, ना गळ. आन् बारीक आसाचं जाळं तर बाराही महिने बंद, त्यातनं बोटभर पिल्लूबी सुटत न्हाई! राखण दादाची. आन् चोरून बारीक जाळं टाकणारा कोण? मीच की! दादा कान पिळायचा, पण सोसायटीत नाव सांगायचा न्हाई.

मग दादाचं पुण्यानुमोदन, त्याच्या आठवणीचा कार्यक्रम. वंदना झाली, लोकं बोलाय उठली. सोसायटीचे हौसराव आप्पा खाकरले, "पोपट गेला... आता डोह कोण राखणार?" गप बसावं का न्हाई माणसानं? मी ताडकन उठलो! "मी राखीन!" एवढ्यावर थांबावं? न्हाई! घरातनं माझंच बारीक जाळं आणलं आन् दादाच्या फोटोपुढं कोयत्यानं तोडलं. आई रडायची थांबली. अडकलो ना मी!

आठ दिवसांत साहेबरावमामा गळ घेऊन हजर. "भाच्या, एकच रे, तोंडाला चव न्हाई." म्हटलं, मामा, नियम म्हंजी नियम! मामा आता रस्त्यात दिसला की गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवत न्हाई. मग मी शिरूरचा बाजार गाठला. मासळीवाल्या म्हाळसामावशीच्या पाटीत नुसता बर्फ!

"मावशी, समुद्रातली दे की!"

"समुद्रबी बंद हाय, लेकरा. होड्या वर वढल्यात. लई उपसा झाला, मासळी घटली. आता अंडी घालू देत्यात."

"एवढा मोठा समुद्र, त्यो बंद?"

"मोठा असला म्हणून काय झालं? समद्यांनी मिळून उपसला की!"

दादा तिथंबी सांगून आला का काय! अडकलो ना मी, डोहाकडनंबी आन् समुद्राकडनंबी!

काल सोसायटीची सभा. आज बंदी उठायची होती, मी मसाला वाटून ठेवलेला! आप्पा म्हणाले, "कुणाला काय बोलायचंय?" आन् हात कुणाचा वर? माझा! सकाळी डोहात पिल्लांचे थवे बघितलेले, ते डोळ्यांपुढनं हलंनात. "आप्पा, पिल्लं अजून बोटभर हायती. अजून एक महिना!" समदी सभा माझ्याकडं बघाय लागली... जशी दादाकडं बघायची. मागनं मामा वरडला, "ह्याला कुणीतरी खाली बसवा रे!" आप्पांनी चष्मा पुसला. "पोपटाचाच भाऊ. मंजूर!"

आज जेवायला बसलो. आईनं वाढलं, पाठ वळवली. मी सवयीनं ताट डावीकडं सरकवलं. बघत बसलो. कुणी उचललं न्हाई.

खाल्लं मग. अजून एक महिना हाय.