चांगल्या वर्तणुकीचा मामा

सुलेखा: म्हणजे ताप आलाच नव्हता.

कडूबा: नाय, वकीलबाई.

सुलेखा: पाच तारखेची हजेरी चुकवली, अधिकाऱ्यांना ताप सांगितला, आणि त्याच दिवशीच्या फोटोत तुम्ही वेरूळला लग्नाच्या मांडवात फेटा बांधून उभे. कडूबा, मारहाणीच्या गुन्ह्यात कोर्टानं तुम्हाला चांगल्या वर्तणुकीच्या आणि हजेरीच्या हमीवर सोडलं होतं. हमी मोडली म्हणून तीन महिने कैद लागली, अपिलापुरता जामीन मिळालाय. आता वर अपील करायचं तर मला खरं कारण पाहिजे. लग्न कुणाचं होतं?

कडूबा: नाव कागदावर येणार का?

सुलेखा: येणार.

कडूबा: मग राहू द्या. बसतो तीन महिने आत. मेंढरं बायको बघंल.

खंडेराव: येऊ का, बाई? मी खंडेराव. ह्यानं काठीनं ज्याचा हात मोडला तो मीच.

सुलेखा: फिर्यादी? तुम्ही इथं कसे?

खंडेराव: मघापासून खाली क्रांती चौकात रसाच्या गाड्यावर बसलोय. हा वर येऊ देईना. लग्न माझ्याच पोरीचं होतं, अक्षदाचं.

सुलेखा: हात मोडणाऱ्याला लग्नाचं आमंत्रण?

खंडेराव: ह्याची मेंढरं माझ्या हरभऱ्यात शिरली, मी ह्याच्या बापापर्यंत शिव्या दिल्या, तवा ह्यानं काठी उचलली. मग बोलणं बंद. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरीचा मामा रुसला. त्याला ती स्वतःच्या पोराला करायची होती. आता मांडवात पोरीमागं मामा तर लागतोय. माझी बायको रडत ह्याच्या दारात गेली. ह्यानं एका शब्दानं विचारलं नाय. फकस्त फेटा मागितला.

कडूबा: ह्यांनी सोयऱ्यांना सांगितलं, हाच मामा. आता कोर्टाच्या कागदात आलं का मामानंच बापाचा हात मोडला, तर पोरीनं सासरी काय सांगावं?

सुलेखा: म्हणून तुम्ही तुरुंगात जाणार?

कडूबा: तिच्यामागं उभा राहिलोय, बाई. आता काय करता.

खंडेराव: सगळं लिहा. सही मी करतो. हात बरा झालाय.

(दीड महिन्यानंतर, जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात.)

कडूबा: जजसाहेब काय म्हणले? मला निम्मं कळलं नाय.

सुलेखा: शिक्षा रद्द. पहिलीच चूक म्हणून ताकीद दिली. हमी चालू, हजेरीही चालू. आणि पुढच्या वेळी ताप आला तर डॉक्टरची चिठ्ठी आणायची.

खंडेराव: मला विचारलं, ह्याची भीती वाटती का? मी म्हणलं, व्हय, मांडवात लई वाटली. फेटा सुटत आला होता ह्याचा.

सुलेखा: फेट्याचं कुणी विचारलं नव्हतं, खंडेराव.

कडूबा: वेरूळला, पोरीच्या सासरी कळलं का?

खंडेराव: कळलं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी अक्षदानं सासूला सांगून टाकलं होतं.

कडूबा: सासू काय म्हणली?

खंडेराव: म्हणली, मग तुझा खरा मामा कोणता?

कडूबा: मग पोरगी?

खंडेराव: पोरगी म्हणली, आला तो.