पाठ फिरवायची कशी

नाही हो, माझा खांदा कोण विचारतंय! आमच्या घरात सध्या एकच खांदा आहे, माझ्या नवऱ्याचा, डग्लसचा, आणि तो वळत नाही. तुम्हाला सांगते, याच्या ऑफिसातल्या साहेबांच्या गोल्फच्या टीमला चौथा माणूस कमी पडला आणि हा हो म्हणून आला. आता गोल्फमध्ये चेंडू मारण्याआधी काठी मागे न्यायची असते, आणि काठीबरोबर खांदाही वळावा लागतो. याची मान वळते, हात वर जातात, कंबरही हलते... खांदा वळत नाही. इथे आखातात, अल मन्सूरातला आमचा हॉल तो केवढा, त्यात हा पोछ्याची काठी धरून उभा, आणि मागून खांदे धरून वळवायचे कोणी? मी! जिचा उजवा खांदा जाम झालाय, जिला डॉक्टरांनी सांगितलंय, महिनाभर भांडी-कपडे बंद. बंद म्हणे... मग करणार कोण? मुलगी, प्रिन्सी, म्हणते, "मम्मी, आय हॅव एक्झाम्स." आणि याचा तर खांदा वळत नाही.

शुक्रवारी, इथली सुट्टी ना, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मलाही मैदानावर नेलं. शिकवणारा जियाद, भला माणूस, सांगून सांगून थकला, "सर, जिधर मारना है, उधर पीठ करो. पूरी पीठ!" डग्लस घामाघूम. मला म्हणतो, "अँजेलीन, पाठ फिरतच नाही गं माझी."

फिरत नाही? मग चोवीस वर्षं मी घरात काय बघतेय?

मला त्या उन्हात घरची सिंकभर भांडी आठवत होती, खांदा ठणकत होता, तर मी आपलं मनापासून विचारलं, "डग्लस, आज भांडी तू घासशील का?"

काय सांगू... काठी मागे, पूर्ण पाठ माझ्याकडे, खांदा थेट हनुवटीखाली! चेंडू असा गेला की दिसेनासा झाला. जियाद म्हणाला, "परफेक्ट, सर! मॅडम ने क्या बोला?"

झालं. तेव्हापासून दर शुक्रवारी मी मैदानावर, चेंडूगणिक मागून विचारायचं, भांडी घासशील का, भांडी घासशील का... साहेब म्हणतात, वाइफ किती सपोर्ट करते!

परवा स्पर्धा जिंकले. डग्लस हा एवढा मोठा कप घेऊन आला, म्हणाला, "हा चकचकीत ठेवायचा हं." म्हणजे घासायला एक भांडं वाढलं. मी म्हटलं, "हा कप तरी तू घासशील?"

तुम्हाला सांगते... काय सुरेख वळला हो खांदा.