नऊशे वर्षांचं कुंपण

इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या आमच्या बसथांब्यावर ऑर्विस नवरा-बायको उभे होते.

"अहो, रस्त्यासाठी आपलं झाडांचं कुंपण तोडणार म्हणे!"

"हात लावून तर बघू देत. तीस पावलांत जितक्या जातींची झाडं, तितकी शतकं कुंपणाचं वय. जुनं ठरलं की तोडता येत नाही. मी मोजल्या, नऊ जाती!"

"त्यातल्या चार मीच लावल्या. रविवारी, तुम्ही घोरत होतात."

"अगं, चार तर मीही लावल्या, शनिवारी!"

"मग उरली एक. म्हणजे शंभर वर्षं?"

"कसली शंभर! ती बाबांनी लावली. ते स्वतः त्र्याण्णवचे."

"मग कुंपण किती वर्षांचं हो?"

"ते जाऊ दे. कुंपणातल्या जाती मोजायला सरकारी साहेब कधी येणार?"

"आज अकरा वाजता."

"मग बस राहू दे, घरी चल. माझी दोन शतकं अजून कुंडीतच आहेत."