मार्कस सरांनी शिकवलेला डिफेन्स

अरे ऐका ना, काल इथे सिंगापूरला पुलाउ उबीन बेटाच्या बोटीसाठी थांबलो होतो, बारा जण जमल्याशिवाय ती सुटत नाही, आणि शेजारी एक मराठी बाबा आणि त्यांची आइस हॉकी खेळणारी मुलगी!

“अनुया, मार्कस सर आता कोच नाहीत, क्लबचे मॅनेजर आहेत. मुलींची टीम बंद म्हणाले, तर बंद.”

“आम्हीच का पण?”

“बर्फाची रिंक एकच, टीम सहा. कुणाला तरी काढणारच.”

“पंधरा वर्षं कॅनडात डिफेन्स खेळले ते, प्रोफेशनल. दात पडले तरी हटले नाहीत.”

“तू काही बोलली नाहीस ना त्यांना?”

“ते लॅपटॉपवर रिंकच्या वेळांचा चार्ट दाखवत होते. मी बघितलाच नाही.”

“हा उद्धटपणा झाला.”

“त्यांनीच शिकवलंय, बाबा. पकची चकती नाचवत कुणी अंगावर आलं, तर चकतीकडे नाही, त्याच्या छातीकडे बघायचं.”

“मग?”

“मी चार्ट सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मान खाली घातली त्यांनी. पण टीम बंदच म्हणाले.”

“संपलं तर.”

“नाही ला,” ती अगदी सिंगापुरी ढंगात म्हणाली. “शनिवारी आम्ही सगळ्या किट घालून रिंकवर जातोय.”

“आत सोडलं नाही तर?”

“दारात उभ्या राहू. आमच्यातून वाट काढून दाखवावी त्यांनी.”



“तुझी किटची बॅग जड असते. शनिवारी किती वाजता निघायचं आपण?”