तत्रैव, पृष्ठ सत्तेचाळीस

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. दगडूबुवा, पेटीचा भाता थांबवा. सूर चालू राहिला की लोक माना डोलवायला लागतात, आणि आज माना डोलवायच्या नाहीत. आज विचारायचंय. माझा प्रश्न आधी ऐका — एक खोटं वाक्य एकवीस पुस्तकांत छापलं, तर ते एकवीसपट खरं होतं का?

नाही म्हणताय. तोंडानं म्हणताय! काकू, तुम्ही पुढं बसलाय म्हणून तुम्हालाच विचारतो. मोबाईलवर एकच मजकूर तीन जणांनी पाठवला, की चौथ्याला तुम्ही काय सांगता? 'अहो, सगळीकडं आलंय!' हसा, हसा. तिसऱ्या रांगेत कॉलेजची प्राध्यापक मंडळी बसलीत, तीसुद्धा हसतायत. सर, थोडं थांबा. गोष्ट तुमच्याच दारावरून जाणार आहे.

आपल्या तालुक्यातला सोनजाईचा तलाव तुम्ही पाहिलाय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो फुटला, अकरा घरं वाहून गेली. का फुटला? पुस्तकांत लिहिलंय — 'वडारांनी भरावाचे दगड चोरले, म्हणून तलाव फुटला.' खाली बारीक अक्षरात तळटीप — 'इंजिनिअरांचा अहवाल, पृष्ठ सत्तेचाळीस.' तळटीप दिसली की आपण हात जोडतो. विद्वानांचा शेंदूरच तो. कुठल्याही धोंड्याला फासला की देव होतो.

आता ऐका. रेवती अलकुंटे नावाची एक मुलगी. आडनावावरून काहींनी ओळखलं असेल, वडाराच्या घरची. आजा दगड फोडायचा, बाप दगड फोडायचा, आणि ही निघाली दगडाचा इतिहास लिहायला. जुने तलाव कसे बांधले, कोणाच्या हातांनी बांधले, यावर पीएच.डी. सहा वर्षं झाली होती. प्रबंध पुरा झालेला, फक्त गाईडची सही राहिलेली. महिनाअखेरीला नोंदणीची मुदत संपत होती. सही नाही, तर सहा वर्षं पाण्यात.

गाईड कोण? डॉक्टर दातीर. मोठा माणूस, त्यांचं पुस्तक बी.ए.ला लावलेलं आहे. त्यांनी तिसरं प्रकरण वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाले, "रेवती, सोनजाईच्या फुटण्याचं कारण तू दिलंच नाहीस."

ती म्हणाली, "सर, मूळ अहवाल मला अजून मिळाला नाही. पाहिल्याशिवाय कसं लिहू?"

"अगं, एकवीस जणांनी लिहिलंय ते."

"लिहिलंय, सर. पाहिलाय कोणी? तुम्ही पाहिलाय?"

दातीर म्हणाले, "माझ्या पुस्तकात तळटीप आहे."

बघा हं, प्रश्न काय आणि उत्तर काय! जेवलात का विचारलं, तर म्हणे ताट धुऊन ठेवलंय. पण पोरीनं मान खाली घातली नाही. मग सरांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हणाले, "तुझी माणसं आहेत ना, म्हणून तुला टोचतंय. संशोधकानं असं हळवं होऊ नये."

रेवती म्हणाली, "टोचतंय, सर. म्हणूनच बघितलं पाहिजे. न बघता तुम्ही 'चोरले' लिहिलंत, न बघता मी 'चोरले नाहीत' लिहीन. मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय राहिला?"

"वाक्य घाल आणि सही घेऊन जा," सर म्हणाले. "नाहीतर मुदत तुझी संपणार आहे, माझी नाही."

मंडळी, तुम्ही काय केलं असतंत? खरं सांगा. एक वाक्य तर घालायचं होतं! तिची मैत्रीण तेच म्हणाली. मैत्रिणीनं मोबाईललाही विचारलं, सोनजाई का फुटला? मोबाईल काय, लगेच बोलतो, वर दहा संदर्भ देतो. त्या दहांतली चार पुस्तकं अजून कोणी लिहायचीच आहेत! बाकीची सहा त्याच एकवीसांतली.

रेवती ग्रंथालयात गेली. सूचीत अहवालाचं नाव आहे, कपाटात अहवाल नाही. आपल्यापैकी निम्मे इथूनच परत फिरले असते. 'उपलब्ध नाही' असं लिहून चहा प्यायला गेले असते. ती मुजावरचाचांच्या टेबलापाशी गेली. मुजावर तिथले ग्रंथपाल, सत्तावीस वर्षांची नोकरी. त्यांनी कपाळ चोळलं, म्हणाले, "सरकारी अहवालांची बांधणी व्हायची होती. साल आठवत नाही. जिन्याखाली गठ्ठे आहेत. या बेटा, शोधू."

दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडला. मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, पुस्तक कोणी कधी नेलं त्याची? ती कोरी. एक शिक्का नाही त्यावर! आणि पुढचं ऐका. जुन्या काळी पुस्तकांची पानं दुमडून शिवायची आणि कडा वाचणाऱ्यानं कापायच्या. या अहवालाच्या कडा कापलेल्याच नव्हत्या. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस ही समोरासमोरची पानं बाहेरच्या कडेनं जोडलेली, पाकिटासारखी बंद. ज्या सत्तेचाळीसाव्या पानाची साक्ष एकवीस विद्वानांनी काढली, ते पान शंभर वर्षांत उघडलंच नव्हतं!

तिसऱ्या रांगेतलं हसू थांबलं. थांबू द्या.

मुजावरचाचांनी स्टीलची फूटपट्टी दिली. रेवतीनं ती त्या बंद घडीत सरकवली. ती म्हणाली, "चाचा, आत तसंच लिहिलेलं असलं तर?"

"असलं तर तसं लिहा," चाचा म्हणाले. "आता भिऊन कसं चालेल?"

तिनं कड कापली. सत्तेचाळीसाव्या पानावर काय होतं, सांगू? पावसाचा तक्ता. जूनमध्ये किती इंच, जुलैत किती इंच. वडार नाहीत, दगड नाहीत, चोरी नाही.

ती तिथंच हसली म्हणे, आणि मग रडली. मी असतो तर तिथूनच उठलो असतो, ढोल वाजवत. पण मुजावरचाचा म्हणाले, "बेटा, एक पान वाचून त्यांच्यासारखंच करू नका. अख्खा वाचा." मग तिनं अख्खा अहवाल वाचला. पानं कापत गेली, वाचत गेली. अठ्ठावन्नाव्या पानावर इंजिनिअरानं इंग्रजीत लिहिलेलं सापडलं, मी मराठीत सांगतो — 'पाटलांनी आपल्या बागेसाठी जास्त पाणी अडवावे म्हणून सांडव्यावर फळ्या ठोकल्या होत्या. जादा पाण्याला वाट उरली नाही. पाणी भरावावरून गेले व भराव फुटला. भरावाचे दगड काढल्याची कोठेही खूण आढळली नाही.'

मग चोरीचं वाक्य आलं कुठून? तिनं एकवीस पुस्तकं सालाप्रमाणं मांडली. नव्यानं जुन्यातून घेतलेलं, जुन्यानं आणखी जुन्यातून. सगळ्यात खाली निघाला खांबेटे नावाच्या गृहस्थांचा टंकलिखित प्रबंध. आता एक शब्द शिका — तत्रैव. संस्कृत आहे, घाबरू नका. 'तिथंच' एवढाच अर्थ. वरच्या टिपेत जे पुस्तक सांगितलं, त्याच पुस्तकात बघा. खांबेट्यांच्या अकराव्या टिपेत इंजिनिअरांचा अहवाल. तेराव्या टिपेत 'तत्रैव, पृष्ठ सत्तेचाळीस'. आणि बारावी टीप? बारावी नाहीच! टाईप करताना तेवढी एक ओळ गळाली. तत्रैव बिचारं वर बघतंय, तर वर दुसराच उभा.

एका पठ्ठ्यानं तर संदर्भग्रंथांच्या यादीत 'त' अक्षराखाली ग्रंथ म्हणून लिहिलंय — तत्रैव, आवृत्ती पहिली! आणि त्याला पदवी मिळाली. सर, नाव सांगत नाही, निवांत बसा.

खांबेट्यांनी शेवटी पाहिलेल्या कागदांची यादी दिली होती. तीत मामलेदार कचेरीचं एक जुनं दफ्तर होतं, आणि टिपांत त्याचा पत्ताच नव्हता; गळालेली बारावी टीप त्याचीच असणार. रेवती अभिलेखागारात गेली, अर्ज केला, सहा दिवस बाकावर बसली. दफ्तर हातात आलं. पान सत्तेचाळीस. तिथं होतं ते वाक्य, अक्षरन् अक्षर. पण कोणाचं? पाटलांचं! ज्यांनी फळ्या ठोकल्या, त्यांनीच मामलेदाराला अर्ज दिलेला — वडारांनी दगड चोरले, त्यांना गावातून काढावं. आणि काढलं, मंडळी. चाळीस कुटुंबं बैलगाड्यांत पाटे-वरवंटे घालून निघून गेली. आरोपीचा अर्ज पुढच्या शंभर वर्षांत न्यायाधीशाचा निकाल झाला, आणि तो पोरांनी परीक्षेत पाठ म्हणून लिहिला. माझा संताप होतो. लपवत नाही.

मुदतीला चार दिवस उरले होते. रेवतीनं प्रबंधात एक लांबलचक टीप घातली. खरं कारण, मूळ पान, खोटं वाक्य कुठून निघालं, आणि ते न बघता लिहिणाऱ्या एकवीस जणांची नावं. तिसरं नाव — दातीर.

सरांनी टीप वाचली. मग म्हणाले, "बाकी ठीक आहे. माझं नाव तेवढं काढ."

"सर, नाव काढलं तर टीप खोटी होईल."

"मी तुझा गाईड आहे, रेवती."

"म्हणूनच तुमच्यापुढं आणली. अहवाल मुजावरचाचांकडं आहे. आता पानं उघडी आहेत."

ती प्रबंध टेबलावर ठेवून निघून आली. त्या तीन दिवसांत ती जेवली किती नि झोपली किती, तिलाच ठाऊक. बाप म्हणाला, "पोरी, एक नाव खोडायला किती वेळ लागतो?" आता तुम्हाला वाटत असेल, दातीरांना साक्षात्कार झाला, त्यांनी पोरीपुढं हात जोडले. छे! कीर्तनात माणसं पटकन सुधारतात. ते रागानं ग्रंथालयात गेले. तिचं वाचन चुकलंय हे दाखवायला गेले. त्यांनी अहवाल मागितला, उभ्यानंच उघडला, मग खुर्ची ओढली. संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत बसले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी सही केली. कौतुकाचा शब्द नाही, माफी नाही. नाव तिसऱ्या जागेवर तसंच राहिलं, आणि सही पक्क्या शाईची झाली. मला विचाराल तर त्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा संशोधन केलं.

झालं आख्यान? दगडूबुवा, भात्याला हात लावू नका. झालं नाही.

रेवतीच्या यादीत एकवीस नावं होती. बाविसावं राहिलं, कारण त्यानं पुस्तक लिहिलं नव्हतं, नुसतं तोंडानं सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी, याच मंडपात, याच जागेवर उभं राहून, लोभ वाईट हे पटवायला एका बुवानं सोनजाईचा दृष्टांत दिला — वडारांनी दगड चोरले नि गाव बुडालं. तो बुवा मी! तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मागच्या रांगेतली पाच-सात माणसं उठून गेली. मला वाटलं, त्यांना घरी काम असेल.

चार महिन्यांपूर्वी रेवती माझ्या घरी आली. ओरडली नाही. अहवालाच्या पानांची आणि त्या अर्जाची नक्कल पुढं ठेवली, म्हणाली, "बुवा, तुम्ही कुठं वाचलं होतंत?" वाचलंच नव्हतं. कोणाच्या तरी भाषणात ऐकलं होतं, आणि त्यात 'पृष्ठ सत्तेचाळीस' होतं.

माझ्या गळ्यात वीणा आहे, म्हणून माझं खरं? तुमच्या नावापुढं डॉक्टर आहे, म्हणून तुमचं खरं? माझं ते वाक्य मी इथं सगळ्यांदेखत मागं घेतो. आणि तुम्हालाही सोडत नाही. चारशे माणसं बसली होती त्या दिवशी. एकानंसुद्धा विचारलं नाही, 'बुवा, हे कुठं लिहिलंय?' भक्तीचं नाव घेऊन गप्प बसलात. तुमच्या त्या गप्प बसण्यानं पाच-सात माणसं अंधारात उठून घरी गेली.

तेव्हा आज हार घालू नका. पाया पडायला रांग लावू नका, मी पाय मागं घेईन. उद्या सकाळी आठ वाजता मी इथल्या वडारवस्तीवर जाणार आहे; ती उठून गेलेली माणसं तिथलीच. तीन वर्षांपूर्वी खोटं बोललो, हे त्यांच्या दारात उभं राहून सांगणार आहे. या मंडपात त्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी माझ्याबरोबर यायचं. आणि येण्याआधी मला अडवून विचारायचं, 'बुवा, हे तरी खरं कशावरून?' नकला माझ्या पिशवीत आहेत. ज्याला त्या बघायच्या नसतील, त्यानं येऊ नये.